मायक्रोआरएनए आणि पक्षाघात : घाई कुठे, धीर कुठे

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते एका कृमीमुळे. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलिगन्स या गोलकृमीवरील त्यांच्या कामातून १९९३ साली असे एक जनुक उजेडात आले, की ज्यापासून कोणतेही प्रथिन तयार होत नव्हते. तयार होत होता तो अवघ्या बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा, आणि तो तुकडा दुसऱ्या एका जनुकाचे काम रोखत होता. पुढची सात वर्षे ही त्या कृमीपुरतीच खासियत आहे असे बहुतेक जण धरून चालले होते. २००० साली तशाच प्रकारचा दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसापर्यंत अनेक प्राण्यांत जवळपास जसाच्या तसा आढळतो हे दिसले, तेव्हा चित्र पालटले. आज मायक्रोआरएनएवर शोधनिबंध निघालेला नाही असा मोठा आजार शोधूनही सापडणार नाही. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे होणारा पक्षाघात, म्हणजे इस्केमिक स्ट्रोक, हा त्यांतला एक प्रमुख.

या निबंधांतून दोन आश्वासने पुन्हा पुन्हा दिली जातात. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून पक्षाघाताचे निदान होईल, हे पहिले. आणि एखादा मायक्रोआरएनए वाढवणारे किंवा दाबणारे औषध देऊन मरू घातलेल्या चेतापेशी वाचवता येतील, हे दुसरे. सार्वजनिक पैसा, संशोधकांची वर्षे आणि रुग्णांच्या नातेवाइकांची आशा या तिन्ही गोष्टी या आश्वासनांत गुंतलेल्या असल्यामुळे ती तपासून घेणे हे केवळ तज्ज्ञांचे काम उरत नाही. माझे म्हणणे असे की मायक्रोआरएनएचे विज्ञान भक्कम आहे, पण पक्षाघाताच्या बाबतीत ते चुकीच्या वेळेला जुंपले जात आहे. पहिल्या काही तासांत त्याचा उपयोग जवळपास नाही. त्यानंतरच्या दिवसांत आणि महिन्यांत तो असू शकतो, आणि संशोधनाचा रोख तिकडे वळला पाहिजे.

पेशीच्या केंद्रकात डीएनएवरून संदेशवाहक आरएनए उतरवला जातो आणि केंद्रकाबाहेर त्यावरून प्रथिन बनते, हे शाळेतच शिकवले जाते. मायक्रोआरएनए या दोन पायऱ्यांच्या मध्ये हस्तक्षेप करतो. त्याचा मूळचा लांब धागा केंद्रकात ड्रोशा आणि केंद्रकाबाहेर डायसर ही विकरे कापतात, उरलेला तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो आणि अक्षरे जुळणारा संदेश भेटला की त्याचे प्रथिन होऊ देत नाही किंवा तो संदेशच नष्ट करवतो. ही जुळणी मुख्यतः सहा ते आठ अक्षरांची पुरत असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो, आणि माणसाच्या निम्म्याहून अधिक प्रथिन-जनुकांवर कोणत्या ना कोणत्या मायक्रोआरएनएचा अंकुश असावा असा अंदाज आहे. त्याचे आकर्षण यातच आहे आणि अडचणही यातच आहे. ‘मिरबेस’ या सूचीत माणसाच्या मायक्रोआरएनएंची संख्या २,६०० च्या वर दाखवली आहे, तर अधिक काटेकोर निकष लावणाऱ्या ‘मिरजीनडीबी’ या सूचीत त्यांची जनुके पाचशेच्या आसपासच उरतात. म्हणजे ज्यांच्यावर निबंध लिहिले गेले त्यांतले काही मुळात मायक्रोआरएनए आहेत की नाहीत, इथपासूनच मतभेद आहेत.

निदानाची आशा निर्माण झाली ती २००८ च्या सुमारास. सुटा आरएनए रक्तातल्या विकरांपुढे टिकत नाही, तरीही रक्तात मायक्रोआरएनए शाबूत सापडतात हे त्या वेळी स्पष्ट झाले. कधी आर्गोनॉटला चिकटून, तर कधी पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुटिकांत दडून ते सुरक्षित राहतात. त्यांतले काही विशिष्ट ऊतींशी बांधलेले आहेत. मिर-१२४ आणि मिर-९ (‘मिर’ हे मायक्रोआरएनएचे लघुरूप) हे मेंदूत विपुल असतात, मिर-१२६ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात असतो, आणि ऑक्सिजन कमी पडला की मिर-२१० वाढतो. तेव्हा हृदयविकाराच्या झटक्यात रक्तातले ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन पाहतात तसे पक्षाघातात मिर-१२४ पाहावे, ही कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक होते. कल्पना चांगलीच आहे. ती कोणत्या क्षणी वापरायची, हे मात्र पुरेसे विचारले गेले नाही.

तो क्षण कसा असतो ते पाहू. तोंड वाकडे झाले आहे, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते आहे, घरचे म्हणतात अंगावरून वारे गेले. रुग्ण आकस्मिक विभागात येतो तेव्हा डॉक्टरला एकच गोष्ट तातडीने हवी असते : मेंदूत रक्तस्राव झालेला आहे की नाही. नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. असेल, तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. या इंजेक्शनचा उपयोग तीन तासांच्या आत होतो हे १९९५ च्या अमेरिकी चाचणीने दाखवले, आणि ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवता येते हे २००८ च्या युरोपीय चाचणीने. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर नळीने गुठळी ओढून काढण्याचा फायदा २०१५ मध्ये पाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी सिद्ध केला, आणि २०१८ च्या आणखी दोन चाचण्यांनी काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांत ही खिडकी चोवीस तासांपर्यंत उघडी असल्याचे दाखवले. मधल्या काळात, २००६ साली, अमेरिकी न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी हिशेब मांडला होता की मोठी वाहिनी बंद झालेल्या अशा पक्षाघातात, उपचार न झाल्यास, दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

आता मायक्रोआरएनएची चाचणी प्रत्यक्षात कशी होते ते या हिशेबाशेजारी ठेवून पाहावे. रक्त काढायचे, ते यंत्रात फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, वेगळा करायचा, त्यातून आरएनए काढायचा, त्याचे डीएनएत रूपांतर करायचे, मग पीसीआर यंत्रावर त्याच्या प्रती वाढवत मोजायचे. कोविडच्या काळात आरटी-पीसीआरच्या अहवालाची वाट पाहिलेल्या प्रत्येकाला या प्रक्रियेची गती ठाऊक आहे. सुसज्ज प्रयोगशाळेत सगळे सुरळीत झाले तरी तीन-चार तास जातात. तीन तास म्हणजे सेव्हर यांच्या हिशेबाने ३४ कोटींहून अधिक चेतापेशी. तेवढ्या वेळात सीटी स्कॅन काही मिनिटांत होऊन, वाचला जाऊन, इंजेक्शनही देऊन झालेले असते. ज्या रुग्णालयात सीटी नाही तिथे पीसीआरची प्रयोगशाळा चोवीस तास चालू असेल, ही शक्यता तर आणखी कमी.

यावर उत्तर दिले जाते की यंत्रे लहान आणि वेगवान होत आहेत, उद्या हीच चाचणी अर्ध्या तासात होईल. होवोही. पण मग ती सीटीपर्यंत पोचण्यापूर्वी, रुग्णवाहिकेतच, रक्तस्राव आणि गुठळी यांतला फरक सांगणारी हवी, आणि त्या शर्यतीत जीएफएपी हे प्रथिन मायक्रोआरएनएच्या पुढे आहे. मेंदूत रक्तस्राव झाला की ते रक्तात लवकर आणि लक्षणीय प्रमाणात वाढते, आणि प्रथिन मोजणे आरएनए मोजण्यापेक्षा सोपे असते. दुसरा मार्ग म्हणजे सीटी यंत्रच रुग्णाकडे नेणे. जर्मनीतल्या होम्बुर्ग येथे २००८ साली अशी रुग्णवाहिका पहिल्यांदा धावली आणि आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने आसामात तिचा प्रयोग झाला आहे. चहाचे मळे आणि नद्या ओलांडत जाणाऱ्या त्या गाडीने या प्रश्नाला जे उत्तर दिले आहे ते मला रक्तातल्या कोणत्याही रेणूपेक्षा अधिक पटते.

वेळेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी दुसरा आक्षेप उरतो, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. या विषयावरचे बहुसंख्य अभ्यास पक्षाघाताच्या रुग्णांची तुलना निरोगी माणसांशी करतात. निरोगी माणूस आकस्मिक विभागात येत नाही. तिथे येतो तो फिट येऊन गेल्यानंतर काही काळ हात लुळा पडलेला तरुण, रक्तातली साखर उतरल्यामुळे असंबद्ध बोलणारा मधुमेही, अर्धशिशीमुळे अर्धे अंग बधिर झालेली स्त्री. या सर्वांपासून पक्षाघात वेगळा ओळखता आला तरच चाचणीला अर्थ आहे. (यांतल्या मधुमेह्याचे निदान तर साधा ग्लुकोमीटर एका मिनिटात करतो.) साठीतला, रक्तदाब असलेला, वर्षानुवर्षे तंबाखू खाल्लेला पक्षाघाताचा रुग्ण आणि रक्तदान शिबिरातला पस्तिशीचा निर्व्यसनी दाता यांच्या रक्तातले मायक्रोआरएनए वेगळे निघाले, तर तो फरक पक्षाघाताचा की वयाचा, रक्तदाबाचा आणि तंबाखूचा, हे सांगणार कोण? अशा तुलनेतून नव्वद टक्क्यांच्या पुढची अचूकता निघते आणि ती निबंधाच्या सारांशात झळकते. खऱ्या रुग्णांच्या गर्दीत तीच चाचणी उतरवली की तो आकडा घसरणार, हे सांगायला भविष्यवेत्त्याची गरज नाही.

निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्याचेच लक्षण. मिर-१२४ चेच घ्या. काही अभ्यासांत पक्षाघातानंतर रक्तात तो वाढलेला आढळला, काहींत घटलेला. वाढला तर मेंदूतून गळून रक्तात आला असे स्पष्टीकरण दिले जाते, घटला तर मेंदूने तो वापरून टाकला असे. दोन्ही स्पष्टीकरणे ऐकायला पटतात, आणि नेमके म्हणूनच त्यांच्यावर विसंबता येत नाही.

या गोंधळाची कारणे गूढ नाहीत. त्यांतली बरीचशी रक्त काढण्यापासून यंत्रापर्यंतच्या वाटेवर आहेत, आणि आपल्याकडे ती वाट अधिकच खडतर आहे. तांबड्या रक्तपेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. नमुना काढताना सुई अडली, नळी जोरात हलली किंवा उन्हाळ्यात ती तासभर गाडीत राहिली, तर थोड्या पेशी फुटतात आणि प्लाझ्मातले प्रमाण बदलते. गंमत अशी की हाच मिर-१६ कित्येक अभ्यासांत स्थिर मानून, त्याच्या तुलनेत बाकीचे मोजले गेले. फुटपट्टीच ताणली जात असेल तर लांबीबद्दल काय बोलावे? मिर-२२३ आणि मिर-१२६ यांचा मोठा हिस्सा प्लेटलेट पेशींतून येतो, त्यामुळे ॲस्पिरिनसारखी प्लेटलेटवर काम करणारी औषधे सुरू झाली की रक्तातले त्यांचे प्रमाण उतरते, आणि ही औषधे पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांना पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होतात. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध तर पीसीआरच्या रासायनिक क्रियेलाच अडथळा आणते. म्हणजे नमुना औषधाच्या आधी घेतला की नंतर, एवढ्या एका तपशिलाने निष्कर्ष उलटा होऊ शकतो, आणि कित्येक निबंधांत हा तपशील नोंदवलेलाच नसतो.

इथे प्रकाशनाच्या बाजारपेठेबद्दलही बोलणे भाग आहे. मायक्रोआरएनए हे ठरावीक साच्याचे निबंध पाडण्यासाठी फार सोयीचे क्षेत्र ठरले : एक रेणू घ्यायचा, एक आजार घ्यायचा, एक लक्ष्य-जनुक जोडायचे आणि आलेख काढायचे. सिडनी विद्यापीठाच्या जेनिफर बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांवरील हजारो निबंधांतले आरएनए-डीएनएचे क्रम संगणकाने तपासले तेव्हा सातशेहून अधिक निबंधांत चुकीचे क्रम आढळले. म्हणजे जो रेणू मोजला असे लिहिले होते, तो दिलेल्या क्रमाने मोजताच आला नसता. त्यांनी तपासलेल्या गटांत मायक्रोआरएनएवरील निबंधही होते. आपल्याकडे एमडीच्या विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकाच्या बढतीला प्रकाशने लागतात. तेव्हा तीस रुग्ण, तीस निरोगी आणि बाजारात मिळणारा एक किट या भांडवलावरचा अभ्यास हाती घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष अशा अभ्यासाला ज्ञान म्हणून मोजणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

उपचारांकडे वळले की आधी एक जुना इतिहास आठवावा लागतो. गुठळी काढण्याऐवजी चेतापेशीच कणखर करायच्या, या कल्पनेवर विसाव्या शतकाच्या अखेरीस अफाट काम झाले. २००६ च्या एका आढाव्यात अशा हजाराहून अधिक प्रायोगिक उपचारांची मोजदाद झाली. त्यांतले शंभराहून अधिक माणसांपर्यंत पोचले आणि चेतापेशी वाचवणारे म्हणून त्यांतले एकही सर्वमान्य झाले नाही. एनएक्सवाय-०५९ या औषधाने २००६ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दाखवली आणि दुसऱ्या, अधिक मोठ्या चाचणीत ती विरून गेली. उंदरांत यश आणि माणसांत अपयश, ही या क्षेत्राची जुनी जखम आहे, आणि मायक्रोआरएनएवरचे प्रयोग मोठ्या प्रमाणात त्याच उंदरांवर झाले आहेत. तरुण, निरोगी, बहुधा नर उंदीर, त्याची एक धमनी ठरलेल्या मिनिटांसाठी बंद केली जाते, आणि औषध थेट मेंदूच्या पोकळीत, अनेकदा धमनी बंद करण्याच्या आधीच सोडले जाते. पक्षाघात होण्याच्या आदल्या दिवशी कोणीही रुग्णालयात येत नाही.

तरीही या प्रयोगांत काही खरेखुरे आशादायक आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिर-१८१ दाबला की उंदरांत मेंदूची इजा घटते, हे स्टॅनफर्डच्या गटाने दाखवले. मिर-१५५ हा दाह भडकवणारा मायक्रोआरएनए इजेनंतर दोन दिवसांनी दाबायला सुरुवात केली तरी रक्तवाहिन्यांची डागडुजी सुधारल्याचे आढळले. डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात मायकेल चॉप यांच्या गटाने मूलपेशींतून बाहेर पडणाऱ्या पुटिका, म्हणजे एक्झोसोम, वापरून मिर-१३३बी मेंदूपर्यंत पोचवला आणि उंदरांच्या हालचाली सुधारल्याचे नोंदवले. मात्र मिर-१२४ ची कहाणी इथेही दुहेरी आहे. एका गटाला तो चेतापेशींचा रक्षक वाटला, दुसऱ्याला त्यांच्या मृत्यूला हातभार लावणारा. शेकडो जनुकांवर हात असलेल्या रेणूकडून पेशीच्या प्रकारानुसार आणि वेळेनुसार उलटसुलट परिणाम होणे यात आश्चर्य नाही. आश्चर्य इतकेच की अशा निबंधांची अखेर बहुधा ‘आशादायक लक्ष्य’ याच शब्दांनी होते.

कर्करोगाच्या क्षेत्राने याची किंमत मोजली आहे. मिर-३४ए या मायक्रोआरएनएची नक्कल असलेल्या एमआरएक्स३४ या औषधाची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांत प्रतिकारशक्तीचे तीव्र, जीवघेणे दुष्परिणाम झाले. याउलट, हेपॅटायटिस सी साठी यकृतातला मिर-१२२ दाबणारे मिरॅव्हिर्सन मधल्या टप्प्यातील चाचणीत विषाणू घटवण्यात यशस्वी ठरले, तरी बाजारात आले नाही. तोवर विषाणूला थेट मारणाऱ्या गोळ्या आल्या होत्या. मायक्रोआरएनएवर थेट काम करणारे एकही औषध आजवर कोणत्याही आजारासाठी मान्य झालेले नाही, आणि ज्या यकृतात असे औषध आपसूक साचते तिथेही ही अवस्था असेल तर रक्त आणि मेंदू यांच्यातल्या अडसराआड असलेल्या चेतापेशींपर्यंत पोचणे किती अवघड, याचा अंदाज यावा. एक मार्ग ठाऊक आहे. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मरून स्नायू झिजवणाऱ्या एसएमए या आजारावरचे नुसिनर्सेन, जे मायक्रोआरएनए नसले तरी त्याच कुळातले औषध आहे, मणक्यातून पाठीच्या द्रवात सोडले जाते. परंतु गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ज्याला नुकतेच दिले आहे त्याच्या मणक्यात सुई घालणे रक्तस्रावाच्या भीतीने टाळावे लागते. म्हणजे पहिल्या दिवशी तोही मार्ग बंद.

याहून मूलभूत अडचण गतीची आहे. मायक्रोआरएनए दाबणारा रेणू पेशीत पोचला तरी त्याचा परिणाम दिसायला आधी नवे संदेश साचावे लागतात, मग त्यांवरून प्रथिने बनावी लागतात. यात काही तास ते काही दिवस जातात. दर मिनिटाला १९ लाख पेशी मरत असताना या औषधाचा परिणाम दिसेपर्यंत लढाई संपलेली असते. पण हाच संथपणा दुसऱ्या बाजूने पाहिला तर गुण आहे, कारण असे रेणू शरीरात टिकतात आणि एका मात्रेचा परिणाम दिवसचे दिवस राहतो. पक्षाघातानंतरचे पहिले काही आठवडे मेंदूत दाह, नव्या रक्तवाहिन्या आणि चेतापेशींचे नवे जोड या सर्वांची घडामोड चालू असते. त्या काळात आपल्याजवळ आज व्यायाम, वाचोपचार आणि कुटुंबाची चिकाटी यांपलीकडे फारसे काही नाही. अनेक जनुकांना एकाच दिशेने हलकेच ढकलणारे, सावकाश काम करणारे औषध या टप्प्याला शोभते. मिर-१५५ आणि एक्झोसोमचे प्रयोग मला म्हणूनच पहिल्या तासांतल्या ‘रक्षणा’च्या प्रयोगांपेक्षा अधिक वजनदार वाटतात. इराणमध्ये मिर-१२४ भरलेल्या एक्झोसोमची रुग्णांवरील एक छोटी चाचणी नोंदवली गेली आहे. तेवढ्याशा चाचणीतून परिणामकारकता कळत नसते, पण माणसावरचा प्रश्न विचारायला सुरुवात झाली आहे एवढे खरे.

त्याआधीची प्राण्यांवरची परीक्षा मात्र कडक झाली पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ‘स्पॅन’ या नावाने असा उपक्रम राबवला. सहा संभाव्य उपचार, अनेक प्रयोगशाळा, दोन हजारांहून अधिक उंदीर. त्यांत नर-मादी दोन्ही, म्हातारे, लठ्ठ आणि उच्च रक्तदाबाचेही. कोणाला काय दिले हे मोजणाऱ्याला ठाऊक नाही. या चाळणीतून सहांपैकी फक्त युरिक ॲसिड पुढे सरकले. मायक्रोआरएनएचा कोणताही दावा याच चाळणीतून गेल्याशिवाय रुग्णापर्यंत नेऊ नये, असे म्हणण्यात मला अतिरेक दिसत नाही.

निदानाचेही तसेच. पहिले तास ओलांडले की ज्यांची उत्तरे सीटी देत नाही असे प्रश्न समोर येतात. इस्केमिक पक्षाघातांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्णांत सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही. गुठळी हृदयातून आली असेल तर रक्त पातळ करणारे एक औषध लागते, मानेच्या किंवा मेंदूच्या धमनीतून आली असेल तर वेगळे. आशियाई लोकांत मेंदूच्या आतल्याच धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त आहे, संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेले रुग्ण आपल्याकडे अजून येतात, आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी होणाऱ्या स्त्रिया इथल्या न्यूरोलॉजिस्टना परिचित आहेत. काही मिनिटे बोलणे अडखळून पुन्हा सुरळीत झालेल्या, म्हणजे टीआयए झालेल्या माणसाला पुढच्या तीन महिन्यांत मोठा झटका येईल की नाही, हा प्रश्नही तसाच महत्त्वाचा. या सर्व ठिकाणी अहवाल उद्या आला तरी चालतो. मायक्रोआरएनएने सामर्थ्य दाखवावे ते इथे. शिवाय युरोप-चीनमधल्या रुग्णांवर बेतलेली चाचणी इथल्या वेगळ्या कारणांच्या रुग्णांना लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून हे काम इथेच व्हावे लागेल.

त्यासाठीचा सांगाडा आपल्याजवळ आहे. पक्षाघातावरच्या चाचण्यांसाठी ‘इन्स्ट्रक्ट’ हे देशव्यापी जाळे उभे आहे. त्यातून झालेल्या ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणीत ३१ केंद्रांतले चार हजारांहून अधिक रुग्ण सहभागी झाले आणि बारा भाषांत साहित्य तयार झाले. व्हिडिओ, संदेश आणि पुस्तिका यांनी पुन्हा होणारे झटके टळतात का, हे तिने तपासले. उत्तर नकारार्थी आले आणि ते तसेच छापले गेले. मला ही नकारार्थी चाचणी तीस-तीस रुग्णांच्या शंभर होकारार्थी निबंधांपेक्षा मोलाची वाटते. अशा जाळ्यातल्या केंद्रांनी रुग्णाच्या संमतीने, औषध सुरू होण्यापूर्वी आणि ठरावीक तासांनी, एकाच पद्धतीने रक्त घेऊन साठवले, रुग्णाला कोणती औषधे कधी दिली हे नोंदवले आणि निरोगी माणसांऐवजी पक्षाघाताचा संशय घेऊन आलेला प्रत्येक रुग्ण त्यात घेतला, तर काही वर्षांत असा साठा तयार होईल की ज्याच्यावर मिर-१२४ चेच काय, उद्या निघणाऱ्या कोणत्याही दाव्याचे खरे-खोटे करता येईल. याचा खर्च सुट्या प्रबंधांवर विखुरलेल्या किटांच्या खर्चापेक्षा फार जास्त असेल असे मला वाटत नाही. तो एका ठिकाणी दिसतो, म्हणून मोठा वाटतो.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा की तालुक्याच्या ठिकाणी सीटी नाही, १०८ ची रुग्णवाहिका रुग्णाला कोणत्या रुग्णालयात न्यावे या निर्णयातच वेळ घालवते, रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद पडतात, आणि अशा वेळी रेणूंचे साठे कसले करता? या आक्षेपातली कळकळ मला मान्य आहे. महाराष्ट्र हे उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीलाच सामील झालेल्या पाच राज्यांपैकी एक आहे, आणि त्या उपक्रमातली स्वस्त गोळी जितके पक्षाघात टाळेल तितके कोणतीही रक्तचाचणी टाळणार नाही. हृदयविकारासाठी गोव्याने प्राथमिक आरोग्य केंद्रे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडून दाखवली, तसे जाळे पक्षाघातासाठी उभारणे हा आरोग्य खात्याच्या खर्चाचा पहिला हक्कदार आहे. म्हणूनच मायक्रोआरएनएचा खर्च संशोधनाच्या खात्यात राहावा, सेवेच्या खात्यात शिरू नये. ‘पक्षाघाताचा धोका सांगणारी मायक्रोआरएनए चाचणी’ खासगी प्रयोगशाळांच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये दिसू लागली, तर तिला परवानगी देण्यापूर्वी नियामकांनी तुलना कोणाशी केली होती एवढे तरी विचारावे. निरोगी माणसांशी, असे उत्तर आले तर फाइल परत पाठवावी.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा. अँब्रोस आणि रव्हकन यांना १९९३ मध्ये कोणी ‘याचा रुग्णाला उपयोग काय’ असे विचारले असते तर हा शोधच लागला नसता, तेव्हा विज्ञानाला असे लगाम घालू नयेत. हे त्या दोघांच्या कामाबद्दल पूर्ण खरे आहे. पक्षाघाताच्या मायक्रोआरएनएवरील बहुतेक निबंधांबद्दल नाही. कृमीचे जनुक कसे चालते हे समजून घेणारा संशोधक रुग्णाला काही देऊ करत नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे हिशेब मागण्याचे कारण नव्हते. पण जो निबंध आपल्या पहिल्याच परिच्छेदात पक्षाघाताने दरवर्षी किती माणसे दगावतात हे सांगून अखेरीस ‘निदानासाठी उपयुक्त’ असा निष्कर्ष काढतो, त्याने रुग्णाच्या नावाने काहीतरी मागितलेले असते. त्याला रुग्णाच्या कसोटीवरच उतरावे लागेल. मेंदूत मिर-१२४ नेमके काय करतो याचा शांतपणे, उपयोगाचा दावा न करता, पंधरा वर्षे अभ्यास करू इच्छिणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेला पैसे मिळणार असतील, तर मी त्याच्या बाजूने आहे.